जमिनीचा मोबदला आणि बदलता कायदा

काळी आणि पांढरी हे दोन शब्द मराठी खेड्याच्या जीवनांत फार जुने आहेत. पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे पिकाची जमीन. या दोहोंवर ज्याचा पाय टेकलेला आहे तो गांवकरी, अशी समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली. परंतु या दोहोंच्या वर आणखी एक हक्क आहे, आणि तो राज्यसत्तेचा. रस्ता, कालवा, धरण, लोहमार्ग, रुग्णालय किंवा नगराची वाढ यांसाठीं, मालकाची इच्छा असो वा नसो, त्याची जमीन घेण्याचा अधिकार जगांतील बहुतेक सर्व राज्यांनीं आपल्याकडे ठेवलेला आहे. त्या अधिकाराला मर्यादा दोन. काम सार्वजनिक असलें पाहिजे, ही पहिली; आणि घेतलेल्या जमिनीचा मोबदला दिला पाहिजे, ही दुसरी.

येथपर्यंत कोणाचा फारसा वाद नाहीं. वाद निघतो तो पुढें. जमीन घेण्याचें काम एका दिवसांत उरकत नाहीं. जाहीरनामा निघतो, हरकती ऐकल्या जातात, मोजणी होते, निवाडा होतो, पैसे दिले जातात, ताबा घेतला जातो. आणि एवढ्या गोष्टी होण्यास कधीं दोन वर्षें लागतात, तर कधीं वीस. या अवधींत कायदाच बदलला, तर मोबदला कोणत्या कायद्यानें मोजावयाचा? जमीन घेण्याची सुरुवात जुन्या कायद्याखालीं झाली, पण पैसे हातीं पडण्यापूर्वीं नवा कायदा आला. अशा माणसाला जुनें माप लावावयाचें कीं नवें? प्रश्न वरवर पाहतां वकिलांच्या बैठकींतला वाटतो. परंतु ज्याच्या सातबाऱ्यावरील नांव पुसलें जात आहे, त्याच्या घरांत मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण आणि म्हातारपणची भाकरी या साऱ्या गोष्टी याच एका प्रश्नाच्या उत्तरावर टांगलेल्या असतात.

या प्रश्नाचा इतिहास समजण्यास थोडें मागें जावें लागतें. कंपनी सरकारच्या अमदानींत बंगाल प्रांतासाठीं १८२४ सालीं पहिला नियम झाला. मुंबई आणि कुलाबा या बेटांवर रस्ते रुंद करण्यासाठीं १८३९ चा कायदा आला. पुढें लोहमार्गांचें युग सुरू झालें, आणि निरनिराळ्या प्रांतांतील निरनिराळे नियम गैरसोयीचे ठरूं लागले. म्हणून १८५७ सालीं, ज्या वर्षीं उत्तर हिंदुस्थान पेटला त्याच वर्षीं, सर्व ब्रिटिश मुलखाला लागू होईल असा एकच कायदा करण्यांत आला. त्यांत मोबदल्याविषयीं मतभेद झाल्यास पंच नेमावे आणि पंचांचा निर्णय अखेरचा मानावा, अशी तजवीज होती. पंचायतीची ही कल्पना ऐकावयास गोड होती. परंतु पंच अननुभवी असतात, आणि क्वचित् लांचखाऊहि निघतात, अशी सरकारची तक्रार सुरू झाली. तेव्हां १८७० चा नवा कायदा आला. त्यानें वाद पंचांकडून काढून दिवाणी न्यायालयाकडे सोंपविला. आणि एक महत्त्वाचें तत्त्व प्रथमच मान्य केलें. जमीन मालकाच्या मर्जीविरुद्ध घेतली जाते, तेव्हां नुसता बाजारभाव देऊन भागत नाहीं, त्यावर शेंकडा १५ अधिक दिले पाहिजेत, हें तें तत्त्व. आजच्या कायद्याच्या भाषेंत यालाच दिलासा रक्कम म्हणतात.

त्यानंतर १८९४ चा पहिला कायदा. तो १ मार्च १८९४ पासून अमलांत आला, आणि तब्बल १२० वर्षें टिकला. या कायद्यानें कलेक्टरच्या हातीं मोठी सत्ता दिली. चवथ्या कलमाचा जाहीरनामा, सहाव्या कलमाची घोषणा, नवव्या कलमाच्या नोटिसा, अकराव्या कलमाचा निवाडा, आणि सोळाव्या कलमाचा ताबा, अशा त्याच्या पायऱ्या. मालकाला निवाडा पटला नाहीं, तर अठराव्या कलमाखालीं अर्ज करून प्रकरण न्यायालयाकडे पाठविण्याची मागणी त्यानें करावी. तशी मागणी न केल्यास कलेक्टरचा शब्द अखेरचा. जमीन घ्यावी कीं घेऊं नये, या मूळ मुद्द्यावर हरकत घेण्याची सोय मात्र आरंभीं मुळींच नव्हती. किंमतीविषयीं भांडा, पण जमीन जाणारच, असा एकूण रोख होता.

या रोखाची झळ महाराष्ट्राला मुळशींत लागली. पुण्याच्या पश्चिमेस, मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ, मुंबईला वीज पुरविण्यासाठीं टाटांच्या कंपनीनें धरणाचें काम हातीं घेतलें. सरकारनें त्या कामासाठीं १८९४ च्या कायद्याचा आधार दिला. शेतें आणि घरें पाण्याखालीं जाणार, हें दिसतांच मावळांतील शेतकरी उठले. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रहास आरंभ झाला. सेनापति बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनीं या लढ्याचें पुढारीपण केलें. 'जान किंवा जमीन' ही मावळ्यांची प्रतिज्ञा होती. लढा १९२४ पर्यंत चालला, आणि धरण तरीहि झालें. मावळ्यांची मागणी अधिक रुपयांची नव्हतीच. जमिनीला रुपये हा मोबदला होऊं शकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें, आणि त्या म्हणण्याला उत्तर देणारें एकहि कलम त्या कायद्यांत नव्हतें. हा लढा चालूं असतांनाच १९२३ सालीं मूळ कायद्यांत ५-अ हें कलम घालण्यांत आलें, आणि जमीन घेण्यालाच हरकत नोंदविण्याचा हक्क मालकाला प्रथम मिळाला. मुळशीच्या शेतकऱ्याला मात्र त्याचा उपयोग नव्हता. त्याचें शेत कायदा बदलण्यापूर्वींच गेलें होतें.

स्वातंत्र्यानंतर प्रश्नाला दुसरेंच वळण लागलें. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अमलांत आली, तेव्हां मालमत्तेचा हक्क हा मूलभूत हक्क होता. आणि मोबदल्यावांचून कोणाची मालमत्ता घेतां येणार नाहीं, असें ३१ व्या अनुच्छेदांत म्हटलें होतें. परंतु मोबदला म्हणजे किती, आणि कोणत्या दिवसाचा? ही परीक्षा लौकरच झाली. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसविण्यासाठीं पश्चिम बंगालनें १९४८ सालीं एक कायदा केला होता. त्यांत अशी अट होती कीं, जमीन कधींहि घेतली तरी तिची किंमत ३१ डिसेंबर १९४६ या दिवसाच्या बाजारभावाहून अधिक धरावयाची नाहीं. निर्वासितांना आसरा देणें हें काम निःसंशय पुण्याचें होतें. पण त्याचा भार कोणावर पडावा? जमीन दहा वर्षांनीं घेतली, तरी भाव १९४६ चाच! सर्वोच्च न्यायालयानें ही अट घटनाबाह्य ठरविली. मोबदला म्हणजे गेलेल्या वस्तूच्या खऱ्या मोलाची भरपाई, हें तत्त्व त्या निकालानें घालून दिलें.

हें तत्त्व संसदेस पेलेना. जमीनदारी मोडण्याचे आणि शेतीच्या फेरवाटपाचे कायदे चालूं होते; खऱ्या मोलाची भरपाई द्यावयाची म्हटली, तर ते कायदे कागदावरच राहतील, ही भीति निराधार नव्हती. १९५५ च्या चवथ्या घटनादुरुस्तीनें मोबदला पुरेसा आहे कीं नाहीं हें पाहण्याची न्यायालयाची सत्ता काढून घेतली. १९७० सालीं बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यांत न्यायालयानें ती निराळ्या वाटेनें परत आणली. तेव्हां १९७१ च्या पंचविसाव्या दुरुस्तीनें 'मोबदला' हा शब्दच पुसून त्या जागीं नुसता 'रक्कम' हा शब्द घातला. अखेर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादींतूनच गेला, आणि ३००-अ या अनुच्छेदांत, कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता हिरावली जाणार नाहीं, एवढें साधें वचन उरलें. पुढें न्यायालयांनीं या साध्या वचनांतूनहि बरेंच संरक्षण शोधून काढलें. परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

या घटनात्मक झुंजीच्या मध्यावर नागपूरचा एक खटला उभा आहे. नागपूर सुधार प्रन्यासासाठीं १९३६ चा खास कायदा होता. सरकारनें १८९४ च्या कायद्यानें जमीन घेतली, तर मालकाला बाजारभावावर शेंकडा १५ अधिक मिळत. तीच जमीन प्रन्यासाच्या कायद्यानें घेतली, तर हे १५ मिळत नसत. कोणता कायदा लावावयाचा, हें अर्थातच मालकाच्या हातीं नव्हतें. १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनीं हा भेद समतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरविला. आपली जमीन रुग्णालयासाठीं गेली, शाळेसाठीं गेली कीं नगरसुधारणेसाठीं गेली, यानें मालकाच्या नुकसानींत कांहीं फरक पडत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. एकाच वेळीं दोन कायदे आणि दोन भाव हें न्यायालयानें अमान्य केलें. मग एकामागून एक येणाऱ्या दोन कायद्यांचे दोन भाव कसे चालतात?

या प्रश्नाचा खरा कस १९८४ सालीं लागला. त्या वर्षींच्या दुरुस्तीनें दिलासा रक्कम शेंकडा १५ वरून ३० झाली. जाहीरनाम्याच्या तारखेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जें आधीं होईल तोंपर्यंत, सालिना शेंकडा १२ ची भर मिळूं लागली. व्याजाचा दर शेंकडा ६ वरून पहिल्या वर्षासाठीं ९ व पुढें १५ झाला. शिवाय घोषणेपासून दोन वर्षांत निवाडा न झाल्यास सारी कारवाई आपोआप गळून पडेल, असें ११-अ हें कलम आलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें ही मोठीच सुधारणा होती. परंतु विधेयक मांडलें गेलें ३० एप्रिल १९८२ ला, आणि कायदा झाला २४ सप्टेंबर १९८४ ला. मधल्या अडीच वर्षांचें काय? संसदेनें त्यासाठीं एक जोडकलम लिहिलें: या दोन तारखांच्या दरम्यान कलेक्टरचा किंवा न्यायालयाचा निवाडा झाला असेल, तर वाढीव दिलासा त्यालाहि मिळेल, आणि अशा निवाड्यावरील अपिलांतहि तो मिळेल.

या 'अशा' शब्दावर रण माजलें. ज्याचा मूळ निवाडा पुष्कळ वर्षांपूर्वींचा, पण ज्याचें अपील उच्च न्यायालयांत योगायोगानें याच अडीच वर्षांत निकालांत निघालें, त्याला शेंकडा ३० मिळावे कीं १५? १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्याच निरनिराळ्या पीठांनीं परस्परविरुद्ध मतें दिलीं. अखेर १९८९ मध्यें पांच न्यायाधीशांच्या घटनापीठानें निकाल दिला कीं, कलेक्टरचा किंवा पहिल्या न्यायालयाचा निवाडा त्या अवधींत पडला पाहिजे. केवळ अपील त्या वेळीं निकालीं निघालें म्हणून भागत नाहीं. कायद्याचें वाचन म्हणून हा निकाल सुसंगत आहे. नव्या कायद्याला मागें किती पल्ला द्यावा, हें ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाचा, आणि त्यानें जेथें रेघ ओढली तेथें न्यायालयानें थांबावें, हा त्यामागील विचार. परंतु वर्षानुवर्षें अपिलें लढविणाऱ्या शेतकऱ्याला, आपल्या शेजाऱ्याला दुप्पट दिलासा मिळतो आणि आपल्याला नाहीं, याचें कारण समजावून सांगणें सोपें नव्हतें.

हीच गोष्ट याहून मोठ्या प्रमाणावर २०१३ नंतर घडली. भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करतांना उचित भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, असें लांबलचक नांव धारण करून नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलांत आला, आणि १८९४ चा कायदा इतिहासजमा झाला. नव्या कायद्यानें दिलासा रक्कम शेंकडा १०० केली. ग्रामीण भागांत बाजारभावाला एकपासून दोनपर्यंतच्या अंकानें गुणावयास सांगितलें. खाजगी कंपनीसाठीं जमीन घेतांना शेंकडा ८० बाधित कुटुंबांची, आणि सरकार व खाजगी भागीदारीच्या कामीं शेंकडा ७० ची संमति आवश्यक ठरविली. आणि पुनर्वसनास कायद्याचें बळ दिलें. फरक किती पडतो, हें एका साध्या हिशेबानें दिसतें. एखाद्या शेताचा बाजारभाव १० लाख रुपये धरला, तर जुन्या कायद्यानें दिलाशासह १३ लाख होतात. नव्या कायद्यानें, गुणक दोन असल्यास, प्रथम २० लाख आणि मग तेवढाच दिलासा मिळून ४० लाख होतात. सालिना भर दोन्हीकडे निराळी.

आतां दोन शेजारी शेतांची कल्पना करावी. दोहोंचा जाहीरनामा एकाच दिवशीं निघाला. एकाचा निवाडा डिसेंबर २०१३ च्या अखेरीस झाला, दुसऱ्याचा जानेवारी २०१४ च्या आरंभीं. नव्या कायद्याच्या चोविसाव्या कलमाप्रमाणें, निवाडा झाला नसेल तर मोबदला नव्या मापानें. निवाडा झाला असेल तर जणूं जुना कायदा रद्दच झाला नाहीं असें समजून जुन्या मापानें. बांधाच्या अलीकडे १३ लाख, पलीकडे ४० लाख. आणि कारण काय, तर अधिकाऱ्याच्या सहीखालील तारीख.

हा अन्याय फार तीव्र होऊं नये म्हणून त्याच कलमांत एक दुसरा उपाय होता. निवाडा होऊन पांच किंवा अधिक वर्षें लोटलीं, परंतु प्रत्यक्ष ताबा घेतला नाहीं 'किंवा' मोबदला दिला नाहीं, तर ती सारी कारवाई व्यपगत झाली, म्हणजे संपली, असें समजावें. सरकारला जमीन हवीच असेल, तर नव्या कायद्यानें नव्यानें आरंभ करावा. या 'किंवा' शब्दानें पुढें सहा वर्षें देशभरच्या न्यायालयांना काम पुरविलें.

आरंभ पुण्याच्याच एका प्रकरणानें झाला. वन-उद्यानासाठीं सुमारें ४४ एकर जमीन घेण्याची कारवाई महानगरपालिकेकरितां चालली होती. निवाडा ३१ जानेवारी २००८ चा. मालकांनीं पैसे उचलले नाहींत, म्हणून सुमारें २७ कोटि रुपये सरकारी तिजोरींत भरून ठेवण्यांत आले. नवा कायदा अमलांत येऊन अवघे २३ दिवस झाले होते, तोंच, २४ जानेवारी २०१४ रोजीं, सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनीं निकाल दिला: मालक पैसे घेत नसेल, तर ते न्यायालयांत जमा करावे असें जुन्या कायद्याचें ३१ वें कलम सांगतें, सरकारनें आपलेच पैसे आपल्याच तिजोरींत ठेवणें म्हणजे मोबदला देणें नव्हे, सबब कारवाई व्यपगत झाली. या निकालाच्या आधारानें देशांत असंख्य जमिनी मोकळ्या झाल्या. ज्यांना जुन्या भावानें जमीन सोडावी लागली होती, त्यांना आशा वाटूं लागली. परंतु त्याबरोबरच, जेथें रस्ते आणि वसाहती पूर्वींच उभ्या राहिल्या होत्या, तेथील प्रकरणेंहि पुन्हां न्यायालयाच्या दारीं आलीं.

फेब्रुवारी २०१८ मध्यें दुसऱ्या तीन न्यायाधीशांच्या पीठानें पुण्याचा निकाल चुकीचा ठरविला. सम संख्येच्या पीठाला तसें करतां येतें काय, असा प्रश्न त्याच महिन्यांत न्यायालयांतच उभा राहिला, आणि प्रकरण पांच न्यायाधीशांपुढें गेलें. इंदूर विकास प्राधिकरणाच्या त्या खटल्यांत ६ मार्च २०२० रोजीं घटनापीठानें एकमतानें सांगितलें कीं, त्या कलमांतील 'किंवा' हा शब्द 'आणि' असा वाचला पाहिजे. ताबा घेतला नाहीं आणि मोबदलाहि दिला नाहीं, अशीं दोन्ही अपयशें असतील तरच कारवाई व्यपगत होते. त्यांपैकीं एक गोष्ट झाली असेल, तर होत नाहीं. मोबदला देऊं केला असतां मालकानेंच तो नाकारला, तर त्या नकाराचा लाभ त्याला मिळणार नाहीं. न्यायालयांत रक्कम भरली नाहीं, एवढ्यावरून फार तर व्याज मिळेल. जागेवर पंचनामा झाला कीं ताबा घेतला गेला. न्यायालयाच्या मनाई हुकुमामुळें गेलेला काळ त्या पांच वर्षांत धरावयाचा नाहीं. पुण्याचा निकाल त्या दिवसापासून कायदा म्हणून उरला नाहीं.

दोन्ही बाजूंना न्याय आहे, हें येथें मान्य केलें पाहिजे. ज्या जमिनीवर शाळा किंवा रस्ता होऊन लोकांचा वावर सुरू झाला, ती वर्षांनंतर परत करणें हें समाजाला परवडणारें नव्हे. आणि मुद्दाम पैसे न उचलतां कायदा बदलण्याची वाट पाहणाऱ्यास बक्षीस देणें, हाहि न्याय नव्हे. परंतु उलट बाजूनें पाहिलें, तर पंचनामा म्हणजे पुष्कळदां एक कागद असतो. त्यावर सही होते आणि शेतकरी मात्र त्याच शेतांत पेरणी करीत राहतो. आपली जमीन गेली, हें त्याला कागदानें कळतें, नांगरानें नव्हे. संसदेनें 'किंवा' लिहिलें, तेव्हां तिच्या डोळ्यांपुढें हाच शेतकरी नसेल असें कसें म्हणावें?

राष्ट्रीय महामार्गांचें उदाहरण थोडें अधिक दिलासा देणारें आहे. १९९७ च्या दुरुस्तीनें महामार्गांसाठीं घेतलेल्या जमिनीला दिलासा रक्कम आणि त्यावरील व्याज मिळेनासें झालें. १ जानेवारी २०१५ पासून २०१३ च्या कायद्याचें माप महामार्गांनाहि लागू झालें. मधल्या जवळजवळ १८ वर्षांत ज्यांच्या जमिनी गेल्या, ते दोन्हीकडून वंचित राहिले. २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें नागपूरच्या जुन्या निकालाचेंच तत्त्व पुढें नेऊन हा भेद घटनाबाह्य ठरविला. आणि तो निकाल केवळ पुढील प्रकरणांनाच लागू करावा, ही महामार्ग प्राधिकरणाची विनंति ४ फेब्रुवारी २०२५ रोजीं अमान्य केली. या वेळीं तारखेची रेघ मागें सरकली, आणि शेतकरी तिच्या आंत आला.

दोनशें वर्षांच्या या इतिहासांत कायदा एकंदरीत मालकाच्या बाजूला सरकत आला आहे. शेंकडा १५ चे ३० आणि ३० चे १०० झाले, हें कोणी नाकारूं शकत नाहीं. परंतु प्रत्येक सुधारणेच्या वेळीं कांहीं माणसें उंबरठ्यावर सांपडलीं. त्यांचा अपराध एवढाच कीं, त्यांची जमीन थोडी लौकर मागितली गेली, किंवा त्यांच्या निवाड्यावर सही थोडी आधीं झाली. नव्या कायद्याला कोठें तरी आरंभ असावा लागतो, म्हणून अशी रेघ ओढणें भाग आहे. तथापि ती ओढतांना दोन गोष्टी पाळतां येण्यासारख्या आहेत. सरकारी विलंबाचा तोटा सरकारनें सोसावा, मालकानें नव्हे. आणि संक्रमणाचें कलम इतक्या स्वच्छ शब्दांत लिहावें कीं, एका 'किंवा'चा अर्थ लागण्यासाठीं शेतकऱ्याला सहा वर्षें दिल्लीच्या वाटेकडे डोळे लावून बसावें लागूं नये. मुळशीच्या मावळ्याला ज्या कायद्यानें उत्तर दिलें नाहीं, तो आज राहिला नाहीं. त्याच्या जागीं जो आला आहे, त्याच्या न्यायाची परीक्षा मात्र त्याच्या दरांच्या तक्त्यावर होणार नाहीं. ज्यांना तो एका दिवसानें चुकला, त्यांच्याशीं राज्य कसें वागतें, यावर ती व्हावयाची आहे.